क्वार्टरबॅक कोण?

अमेरिकी फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. हंगामाआधी तो ठरवणं ही प्रशिक्षकाची खरी डोकेदुखी. मुख्य खेळाडूंसोबत सरावाची संधी मोजकीच. ती दोघातिघांत वाटली, तर कुणाचाच जम बसत नाही.

२०१२ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्स हा संघ याच पेचात होता. मॅट फ्लिनला घसघशीत करार देऊन आणलेलं. रसेल विल्सन नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्ट) तिसऱ्या फेरीत घेतलेला नवखा, उंची ५ फूट ११ इंच. समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या भिंतीपलीकडचं याला दिसणार कसं, ही शंका (अगदीच गैर नव्हे). तरी प्रशिक्षक पीट कॅरल यांनी तिसऱ्या सराव सामन्यात त्यालाच सुरुवातीला उतरवलं. कॅन्सस सिटीविरुद्ध संघ ४४-१४ असा जिंकला आणि दोन दिवसांत विल्सनचं नाव जाहीर झालं. महागडा फ्लिन बाकावर गेला. करारातल्या आकड्यांकडे काणाडोळा करायला छाती लागते.