टक्कर किती वेळ टिकते?

तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवैयारु. पौष वद्य पंचमीला इथे त्यागराजांच्या समाधीपुढे पंचरत्न कृती गायल्या जातात, तेव्हा कंठ शेकडो असले तरी गायन तोलून धरतो तो मृदंग. या वाद्याच्या तंजावर शैलीला वळण देणारे नारायणस्वामी अप्पा मराठी घराण्यातले. भोसल्यांच्या राज्यात तिथे रुजलेल्या भजन-कीर्तनाचे हे देणे. मृदंगाच्या शाईवर बोट आदळून उठते, त्या क्षणात काय होते, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो गांभीर्याने घेणारा माणूस याच मुलखातला होता.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्म 1888 साली इथून नदीच्या वरच्या अंगाला, तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावलचा. घराणे जुन्या तंजावर जिल्ह्यातले. प्रकाशावरच्या कामाला नोबेल मिळाले, म्हणून त्यांचे टकरीवरचे काम आपण विसरलो. कलकत्त्यात असताना 1918 साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांचा अतिशय मंद टकरींच्या छायाचित्रणावरचा लेख आला. अभियांत्रिकीच्या प्रत्येक वर्गात तो वाचून दाखवावा, असे माझे मत आहे.

कारण सांगतो. संगणकावर टकरीचे सिम्युलेशन शिकवताना विद्यार्थी दोन गोळे काढतो, वस्तुमान आणि वेग देतो, आणि उसळीचा गुणांक भरतो. म्हणजे दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग. न्यूटनने लंबकांच्या प्रयोगांतून हा गुणांक काढला होता: लोकरीच्या गोळ्यांना 5/9, काचेच्या गोळ्यांना 15/16. तेव्हापासून तो पदार्थाचा जणू जन्मजात गुण ठरला. रामन यांनी दाखवले की वेग कमी करत नेला, तर गुणांक 1 कडे सरकतो. हळू टकरीत धातूला कायमचा खळगा पडत नाही, त्यामुळे ऊर्जा त्यात खर्ची पडत नाही. वेग वाढला की खळगा पडतो आणि उसळी मंदावते. सगळ्या वेगांना 0.8 भरणारा विद्यार्थी सुबक चित्र काढतो, पण ते कुठल्याच लोखंडाचे नसते.

दुसरी अडचण वेळेची. हाइनरिख हर्ट्झने 1881-82 मध्ये दिलेल्या सूत्राने हिशेब केला, तर अडीच सेंटिमीटर व्यासाचे दोन पोलादी गोळे सेकंदाला एक मीटर वेगाने आदळल्यावर एकमेकांना चिकटून राहतात फक्त 75 मायक्रोसेकंद. व्हिडिओ गेम साधारण सेकंदाला 60 वेळा हिशेब मांडतो. तेवढ्या अवधीत गोळा सतरा मिलिमीटर पुढे गेलेला असतो. वेग याहून बराच जास्त आणि पुढे पातळ पत्रा असेल, तर गोळा त्यातून आरपार जातो आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही! म्हणून एक तर टक्कर क्षणिक धरून वेग एकदम बदलायचे, किंवा स्पर्शाच्या जागी कडक स्प्रिंग कल्पून मायक्रोसेकंदांच्या पावलांनी जायचे. कंडल आणि स्ट्रॅक यांनी 1979 साली दुसरी वाट कणांच्या ढिगांसाठी मांडली. आज वाळू, धान्य, दरडी यांचे सिम्युलेशन बहुतेक त्याच वाटेने होते.

रामन यांच्या टकरीवरच्या कामामागे त्यांचे संगीताचे कान असावेत, असे मला वाटते. 1920 साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये दाखवले की साध्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14 पट असे बेसूर पडतात. मधल्या शाईच्या वजनाने ते पूर्णांकांवर येतात. टकरीचा हर्ट्झप्रणीत सिद्धान्त त्यांनी त्याच वर्षी एका लेखात वापरला होता.

शिक्षकांना एक विनंती. सिम्युलेशन उघडण्याआधी विद्यार्थ्यांना पोलादी गोळी दगडी फरशीवर सोडू द्या आणि टपटप मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू द्या. लागोपाठच्या दोन उसळ्यांच्या वेळांचे गुणोत्तर हाच गुणांक. उंची बदलून तो पुन्हा काढा, आणि मगच प्रोग्रॅममध्ये आकडा भरू द्या.