एआरआय-516 : तांबड्या मद्याचे एक अल्पपरिचित द्राक्ष

आमच्या कुर्ल्याच्या जुन्या गावठाणात ईस्ट इंडियन शेजाऱ्यांच्या घरी नाताळास काळ्या द्राक्षांच्या मद्याचा लहानसा पेला पाहुण्यापुढे ठेवण्याची रीत आहे. बाजारात मिळेल ते काळे द्राक्ष आणून बरणीत आंबवावे, एवढीच त्यांची निवड. परंतु मद्याकरिता मुद्दाम कोणती जात लावावी, असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात निफाडकडील आमच्या भाच्याने केला, तेव्हा आम्हांस खोल विचार करणे प्राप्त झाले. सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर त्याने दोन एकरांत परदेशी जातीच्या वेली लावल्या होत्या. 2008 सालच्या जागतिक मंदीनंतर करार करणाऱ्या कारखान्याने माल उचलला नाही. वेली उपटाव्या लागल्या. कर्जाची नोंद मात्र सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात राहिली. तसल्या नोंदी लिहिण्यात आमचे आयुष्य गेले, त्यामुळे त्यांचे ओझे आम्ही जाणतो.

आज आम्ही ज्या जातीविषयी लिहीत आहोत ती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सिद्ध झाली. 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने स्थापन झालेली हीच ती संस्था. अमेरिकन कुळातील कॅटावबा आणि युरोपीय कुळातील ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ही जात निघाली. पैकी कॅटावबा हे मद्याच्या इतिहासात अगदीच अनोळखी नाव नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील ओहायो प्रांती निकोलस लाँगवर्थ यांनी त्यापासून फेसाळ मद्य करून मोठे नाव मिळविले होते.

अमेरिकन रक्ताचा उपयोग काय, असे कोणी विचारील. केवडा हा रोग मूळचा अमेरिकेतला. तो 1878 साली फ्रान्सात पोहोचला आणि त्याच्याच निवारणार्थ पुढे बोर्डो मिश्रण निघाले. तेथील रानवेली या रोगाच्या सहवासातच वाढल्यामुळे त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली. तिचा वारसा या संकरास मिळून बुरशीजन्य रोगांना ही जात पुष्कळ अंशी दाद देत नाही. फवारणीचा खर्च ज्यांनी सोसला आहे, त्यांस या गुणाचे मोल वेगळे सांगणे नको. छाटणीपासून 110 ते 120 दिवसांत माल तयार होतो, घड दाट लागतात व उत्पन्नही चांगले येते.

आता मद्याविषयी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असून रंग सालीत असतो. म्हणून तांबड्या मद्यासाठी द्राक्षे चिरडून सालीसकट आंबवितात. वर तरंगून आलेली साल वारंवार खाली दाबावी लागते, आणि रंग पुरेसा उतरला म्हणजे रस पिळून निराळा करतात. अमेरिकन कुळास एक उग्र, गोडसर वास असतो. शिराझ अथवा कॅबर्नेच्या चवीस सरावलेल्या गिऱ्हाइकास तो रुचेलच असे नाही. यास्तव ज्या कारखान्यास माल द्यावयाचा, त्याने या जातीचे मद्य आधी करून पाहिले आहे काय, हे विचारून घ्यावे.

या जातीचा खरा आधार निराळाच आहे. रस, मुरंबा व बेदाणा यांसही ती उपयोगी पडते; अर्थात एका गिऱ्हाइकाने पाठ फिरविली तर दुसरे दार उघडे राहते. भाच्याच्या परदेशी वेलींस ही सोय नव्हती.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आम्ही भाच्यास सांगितले ते असे की, प्रथम दहा गुंठेच लाव. भाव, साखरेचे प्रमाण आणि माल उचलण्याची तारीख कागदावर घे. आणि नवे कर्ज जमिनीवर चढवू नकोस. विक्रीचे मद्य स्वतः करावयाचे तर अबकारी परवान्यावाचून हात घालू नये, हेही बजावले. त्याने दहा गुंठ्यांचे कबूल केले आहे. वाचकांपैकी ज्यांचा असाच विचार चालला असेल, त्यांनीही पहिला घड पाहिल्यावाचून दुसरा एकर खणू नये, एवढीच आमची विनंती आहे.