मिठासाठी लावलेलं कुंपण
लेखमाला : पुसलेल्या सीमा

मागच्या आठवड्यात नकाशावर ओढलेल्या सीमा पाहिल्या. आजची सीमा चक्क जमिनीत लावलेली होती.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हटलं की आपल्याला १८८५ सालचं मुंबईतलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आठवतं. पण १८६७ ते १८७० या काळात हेच गृहस्थ अंतर्गत जकातीचे आयुक्त होते आणि चोरटं मीठ अडवायला बाभळी-बोरी लावत होते. बंगाल इलाख्यात मिठावर जबर कर होता. पश्चिमेकडून, म्हणजे राजस्थानातल्या सांभर सरोवराकडून येणारं स्वस्त मीठ तिथे शिरू नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या पोटातूनच जकातीची रेषा काढली. १८६९ च्या सुमारास ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पोचली होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसं तैनात होती. वाटेत आपल्या खानदेशाला लागून असलेलं बऱ्हाणपूरही होतं.

या रेषेच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंगाचं जिवंत कुंपण होतं. जिथे काही रुजत नसे, तिथे वाळलेल्या काट्यांचे ढीग रचत किंवा दगडी भिंत घालत.

इतकं मोठं प्रकरण, पण लोक ते विसरून गेले होते. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या जुन्या पुस्तकातल्या एका तळटीपेत त्याचा पत्ता लागला. १९९८ मध्ये इटावा जिल्ह्यात त्यांना कुंपणाचे अवशेष सापडले आणि २००१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कलावंत या विषयाकडे वळले ते त्यानंतर.

ब्रिटनमधल्या शीला घेलानी आणि स्यू पामर यांनी 'कॉमन सॉल्ट' हा टेबलाभोवती बसून पाहायचा प्रयोग केला. इंग्लंडमधल्या सामाईक जमिनींना घातलेली कुंपणं आणि हिंदुस्थानातलं हे कुंपण त्यांनी शेजारी ठेवलं, हे मला फार नेमकं वाटतं. ज्यांनी घरच्या गरिबांची कुरणं बंद केली, त्यांनाच इथे ही युक्ती सुचावी यात नवल नाही. हिमाली सिंग सोइन आणि डेव्हिड सोइन टॅपेसर ही जोडी याच विषयावर काम करते. २०२५ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसच्या चौकात त्यांनी ठशांनी छापलेलं लांबलचक कापड उभारलं. त्याचं नाव 'नमक हलाल / नमक हराम'. जागाही मुद्दाम निवडलेली : इंग्लंडचं मीठ-कराचं कार्यालय एकेकाळी याच वास्तूत होतं. त्याच वर्षी टेट ब्रिटन या कलादालनात त्यांचं मिठावरून भविष्य सांगण्याची कल्पना घेऊन केलेलं कामही मांडलं गेलं.

काटेरी कुंपणात नाट्य आहे, म्हणून कलेला ते भुरळ घालतं. पण गोष्ट तिथेच सोडली तर ती अर्धीच राहते. १ एप्रिल १८७९ ला ही रेषा मोडली, ती दयेपोटी नव्हे. सांभरचा ताबा इंग्रजांनी १८७० मध्येच भाडेपट्ट्याने घेतला होता. मीठ निघतं तिथेच कर वसूल होऊ लागल्यावर वाटेत अडवायची गरज उरली नाही. शिवाय प्रांतोप्रांतीच्या करांतला फरक कमी करताना बंगालचा कर उतरवला आणि मुंबई-मद्रासचा चढवला. म्हणजे उत्तरेतलं कुंपण गेलं आणि त्याची किंमत आपल्या कोकणी-देशी माणसाने भाकरीतल्या मिठापायी मोजली. हे कापडावर छापायला अवघड आहे, पण कुणीतरी छापायला हवं.

कर राहिला तो थेट १९४७ पर्यंत. मधे १९३० मध्ये शिरोडा आणि वडाळ्याला लोकांनी मिठागरांवर धडक दिली. ती कहाणी पुढच्या भागात. उरण, पेण, भाईंदर, शिरोडा या भागांतल्या आगरवाल्या कुटुंबांकडे मिठाचे जुने परवाने किंवा पावत्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. आम्हाला जरूर कळवा.