मानेगावचा दगड आणि तीस मायक्रॉन

सकाळी ७. जळगावच्या मे महिन्यात हातानं घासायचं काम उन्हं चढायच्या आत उरकावं लागतं. साक्रीकडच्या डाइकचा बसाल्ट डायमंड कटरवर लावला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे डाइक रांगेनं उभे आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांना दगडांची ददात नाही.

८.३०. कार्बोरंडमची पूड, आधी जाड, मग बारीक. काचपट्टीवर अ‍ॅराल्डाइटनं चिकटवून पुन्हा घासायचं, जाडी ०.०३ मिलिमीटरवर येईस्तोवर. कसोटी रंगाची: प्लॅजिओक्लेज पिवळट दिसतोय तोवर पट्टी जाड, राखाडी-पांढरा झाला की हात आवरायचा. एन्स्टॅटाइट उल्का असेल तर पाणी वर्ज्य. तिच्यातलं ओल्डहॅमाइट, म्हणजे कॅल्शियम सल्फाइड, पाण्यात टिकत नाही आणि लोखंड गंजतं. तिथे तेल किंवा अल्कोहोल. वरून काचही लावत नाही, कारण धातू आणि सल्फाइडं परावर्तित प्रकाशातच बघायची असतात.

११. मायक्रोस्कोप. शिकवण्यासाठी एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइटची एक पट्टी आहे, ती बसाल्टशेजारी ठेवली. क्रॉस्ड पोलर्समध्ये स्टेज फिरवली, की बसाल्टमधला ऑजाइट झगमगतो आणि बहुतेक वेळा तिरका विझतो, म्हणजे काळा पडतो. एन्स्टॅटाइट करडाच राहतो आणि आपल्या लांबीला समांतर, सरळ विझतो. याच्यात लोह जवळजवळ नाहीच. सगळं लोखंड धातूत आणि सल्फाइडात गेलेलं. कॉन्ड्रूलच्या, म्हणजे उल्केतल्या बारीक गोल दाण्यांच्या, कडा स्वच्छ असतील तर प्रकार ३ किंवा ४; भोवतालात मिसळून पुसट झाल्या असतील तर ६. ईएच (जास्त लोहाची) की ईएल (कमी लोहाची), हे मात्र डोळ्यांनी ठरवू नये. धातूतलं सिलिकॉन इलेक्ट्रॉन प्रोबनं मोजल्याशिवाय मी लेबल लिहीत नाही.

दुपारी २. जेवण, वीज गेली.

४. धुळ्याकडचे एक आप्पा पिशवीत काळा दगड घेऊन आले. "सर, हाऊ दगड आभायमाईन पडेल शे." कडेला बुडबुड्यांची भोकं, वर काचेसारखा लेप. भट्टीची मळी. "आप्पा, हा कारखान्यातला आहे." आप्पांना पटलं नाही. चहा मात्र घेतला.

५.३०. त्यांना मानेगावची गोष्ट सांगितली. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळच्या मानेगावात, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरकडे, खरी उल्का पडली. तिचा तुकडा लंडनला गेला. ब्रिटिश म्युझियमच्या नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिननं तिच्यावर आणि १८५२ साली उत्तर प्रदेशात पडलेल्या बस्तीच्या उल्केवर काम केलं. १८७० साली ते छापून आलं. बस्तीची ऑब्राइट, एन्स्टॅटाइटनं भरलेली, आणि ओल्डहॅमाइट पहिल्यांदा सापडलं ते तिच्यातच. मानेगावची डायोजेनाइट: पायरॉक्सिन त्याच कुळातलं, पण लोह जास्त. अशा उल्का वेस्टा लघुग्रहाच्या मानतात. दोन्हींतली पायरॉक्सिनं सरळच विझतात. फरक ऑप्टिक साइननं कळतो, एन्स्टॅटाइट पॉझिटिव्ह आणि जास्त लोहाचा निगेटिव्ह. भारतात बस्तीनंतरची दुसरी ऑब्राइट पडायला १७ ऑगस्ट २०२२ उजाडलं, गुजरातेत दियोदरला.

म्हणून वाचकहो, शेतात पातळ काळी साल असलेला जड दगड सापडला तर तो फोडू नका, धुऊ नका. लोहचुंबकही लावू नका. त्याची स्वतःची चुंबकीय नोंद पुसली जाते. जागा आणि वेळ लिहून ठेवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेल्या उल्का जपण्याचं काम त्यांच्याकडे आहे.