गच्चीवरची अँटेना आणि उपग्रहाचं चित्र

२०२५ च्या जूनमध्ये नोआ-१८ हा अमेरिकी हवामान उपग्रह बंद करण्यात आला. ऑगस्टमध्ये नोआ-१९ आणि पाठोपाठ नोआ-१५ सुद्धा शांत झाले. घरच्या अँटेनावर ढगांची चित्रं उतरवणाऱ्यांचे हे तिघे जुने सोबती. मग आता ती अँटेना भंगारात टाकायची का? याचं उत्तर शोधायचं तर अँटेना कशी बनते, ते आधी पाहू.

हे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलायचे. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागलं, की लहरीची लांबी मिळते : सुमारे २.१८ मीटर. तिचा पाव हिस्सा साडेचोपन्न सेंटिमीटर. धातूच्या सळईत तो किंचित कमी धरावा लागतो. म्हणून आपण ॲल्युमिनियमच्या दोन सळया घ्यायच्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटरच्या. वायरमन वापरतात त्या स्क्रूच्या कनेक्टरमध्ये त्या बसवायच्या. एकीला केबलची मधली तार, दुसरीला बाहेरची जाळी. सळया एकमेकींना टेकता कामा नयेत, एवढं सांभाळायचं.

आता लाकडी पट्टीवर त्या आडव्या ठेवून १२० अंशांचा कोन करू. हाच कोन का? सळया सरळ रेषेत असतील तर अँटेनाचा अवरोध सत्तर ओहमच्या आसपास असतो. असा कोन केला की तो रिसीव्हरला हव्या असलेल्या ५० ओहमजवळ येतो. आणि आडव्या का? जमिनीवरून येणारे बरेचसे संदेश उभ्या ध्रुवणाचे असतात, ते आडव्या अँटेनात दबतात. उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे जातात, म्हणून ‘व्ही’चं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात आपण ‘नोआ’साठी म्हणून काय केलं? काहीच नाही! अँटेनाला उपग्रहाची भाषा कळत नाही, फक्त लहरीची लांबी कळते. २०२३ आणि २०२४ मध्ये सोडलेले रशियाचे मेटिओर-एम एन२-३ आणि एन२-४ हे उपग्रह याच पट्ट्यासाठी बनवलेले आहेत. सळया त्याच, कोन तोच. संगणकाला जोडलेला छोटा आरटीएल-एसडीआर रिसीव्हरही तोच. बदलतं ते फक्त सॉफ्टवेअर. सॅटडम्प हे त्यासाठी मोफत मिळतं.

फरक एकच, पण महत्त्वाचा. नोआचा संदेश ॲनालॉग होता. तो क्षीण झाला तरी दाणेदार का होईना, चित्र उमटायचं. मेटिओरचं चित्र डिजिटल असतं : नोआच्या ४ किलोमीटरच्या जागी १ किलोमीटरचा बारकावा, पण संदेश कमी पडला की तिथे थेट काळी पट्टी. म्हणजे ढिला स्क्रू किंवा आड येणारी पाण्याची टाकी पूर्वी खपून जायची, आता नाही खपत.

तेव्हा अँटेना जपून ठेवा, स्क्रू आवळा आणि मोकळं आकाश गाठा. फक्त विजा कडाडू लागल्या, की चित्राचा मोह सोडून खाली या. उपग्रह पुन्हा येणारच आहे.