फुलकाढणीनंतरचा ग्लॅडिओलस : कंदासोबत साठवली जाणारी कीड

ग्लॅडिओलसचे फुलदांडे बाजारात गेले की बहुतेकांच्या दृष्टीने हंगाम संपतो. पिकाचे पाणी तोडले जाते आणि सवड मिळेल तेव्हा कंद उकरून गोणीत भरले जातात. पुढील लागवडीत पानांवर चंदेरी चट्टे दिसू लागले, कळ्या न उमलताच सुकू लागल्या, की फवारण्या सुरू होतात. अशा शेतावर बोलावणे आले असता मी आधी कंद कोठे व कसे साठवले होते ते विचारतो. पुष्कळदा कीड तेथूनच शेतात आलेली असते.

थ्रिप्स सिम्प्लेक्स हा ग्लॅडिओलसवरील फुलकिडा जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा, गडद तपकिरी असतो. त्याची पिल्ले पिवळसर असतात. पाने हिरवी असेपर्यंत तो पानांच्या बेचक्यात व कळीच्या आवरणाखाली पेशी खरवडून रस शोषतो. पाने वाळू लागताच तो खाली सरकतो आणि कंदाच्या वाळक्या सालीआड शिरतो. तेथे तो नुसता लपून राहत नाही. उबदार कोठीत त्याचे खाणे आणि प्रजनन दोन्ही चालूच राहते. असा कंद प्रथम चिकट लागतो, पुढे खरबरीत, तपकिरी व खपल्यांचा होतो. मुळे फुटण्याची जागा वाळल्याने उगवण उशिरा आणि अशक्त होते.

म्हणून काळजीची सुरुवात फुलदांडा कापतानाच व्हावी. दांड्याच्या लांबीच्या मोहात पाने ओरबाडली जातात. झाडावर किमान चार पाने राहिलीच पाहिजेत. लावलेला जुना कंद या काळात आक्रसत जातो आणि त्याच्यावर नवा कंद भरतो. हे भरणे फुलांनंतर सहा ते आठ आठवडे चालते, तोवर हलके पाणी व तणनियंत्रण सुरू ठेवावे. याच काळात फुलकिडे आढळल्यास शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी, कारण कीड अजून वर, आवाक्यात असते.

पाने पिवळी पडू लागल्यावर पाणी थांबवावे. लहान कंदांपैकी सुमारे २५ टक्के तपकिरी झाले की काढणी करावी. येथे एक चूक सर्रास होते. झाडे पाल्यासकट उपटून सावलीत ढीग घातला जातो. पाला वाळत जातो तसतशी त्यावरील सगळी कीड हिरवळीच्या शोधात कंदावर उतरते. कंद उकरताच, त्याच दिवशी, पाला कंदालगत छाटून शेताबाहेर नेऊन खोल पुरावा. हे काम विनाखर्चाचे आहे आणि माझ्या मते एखाद्या फवारणीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

कंद हवेशीर सावलीत दोन ते तीन आठवडे सुकवावेत. तळाचा जुना, सुरकुतलेला कंद सहज सुटू लागला की तो काढून टाकावा. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारे किंवा कापल्यास आत तपकिरी दिसणारे कंद फ्युजेरियम कुजीचे असू शकतात. ते वेगळे काढून नष्ट करावेत. उरलेल्या कंदांना शिफारशीत बुरशीनाशकाची प्रक्रिया करून पुन्हा सुकवावे.

साठवणीसाठी कांद्याच्या जाळीच्या पिशव्या अथवा क्रेट वापरावेत. प्लॅस्टिकची गोणी नको. शक्य असल्यास शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे तीन महिने ठेवावेत. त्याने कंदाची सुप्तावस्था मोडते. शिवाय १० अंशांखाली या फुलकिड्याची वाढ थांबते आणि दीर्घ थंडीत तो मरत जातो. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटांना बटाट्याच्या शीतगृहात जागा मिळवून देण्याचा प्रयत्न करावा.

घरी साठवलेले कंद महिन्यातून एकदा पांढऱ्या कागदावर झटकून पाहावेत. बारीक पिवळे वा काळपट ठिपके चालताना दिसले तर ते कंद तत्काळ वेगळे करावेत. लागवडीपूर्वी, कोंब फुटण्याआधी, असे कंद ४६ अंश सेल्सिअस गरम पाण्यात २० ते ३० मिनिटे बुडवून ठेवण्याचा उपाय आहे. तापमापीशिवाय तो करू नये आणि आधी दहा-वीस कंदांवरच करून पाहावा.

काढणी झालेल्या शेतात राहून गेलेले लहान कंद पावसाळ्यात आपोआप उगवतात व त्यांवर फुलकिडे पोसले जातात. ती रोपे कंदासह उपटून टाकावीत.