मुहूर्त मादीच्या हाती

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. आपल्या धामणीसारखाच बिनविषारी आणि उंदरांवर जगणारा. तिकडे तो हौसेने पाळला जातो. नर-मादी एका पेटीत ठेवली की पिल्ले होणारच, असा नवख्यांचा समज असतो. पण मादीचे शरीर तयार नसेल तर नर कितीही मागे लागो, ती शेपटी झटकून निघून जाते.

ही तयारी थंडीत सुरू होते. जाणकार मंडळी सापांना आधी सुमारे दोन आठवडे उपाशी ठेवतात आणि मग दोन-तीन महिने १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. उपास आवश्यकच, कारण थंडीत पचन जवळपास थांबते आणि पोटातले भक्ष्य कुजून साप दगावू शकतो. पुन्हा ऊब मिळाली की मादी खाऊ लागते. तिच्या रक्तातले इस्ट्रोजेन वाढते, यकृत अंड्याच्या बलकासाठी प्रथिन तयार करते. त्यानंतर ती पहिली कात टाकते, त्या सुमारास नराला स्वीकारते.

नराला हे कळते वासाने. मादीच्या त्वचेवरील स्निग्ध द्रव्ये तो जिभेने टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन अवयवाने ओळखतो. कॅनडातील गार्टर सापांच्या नरांना इस्ट्रोजेन दिले, तेव्हा इतर नर त्यांच्याच मागे लागले!

घाईची किंमत मात्र मादी मोजते. वय कमी किंवा अंग हडकुळे असेल तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. मीलनानंतर साधारण महिना-दीड महिन्यात, पुन्हा एकदा कात टाकून झाल्यावर ती अंडी घालते. काही अंडी बाहेर येऊन बाकीची अडकली तर दाबून काढू नयेत, पशुवैद्यच हवा.

आपल्याकडे धामण पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण शेतात दोन धामणी पीळ घालून अर्ध्या उभ्या दिसल्या, तर ते मीलन समजून त्यांच्यावर वस्त्र टाकू नये. ती बहुधा दोन नरांची झुंज असते. लांबूनच पाहावी आणि त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे.